रात्र काढता येईल एवढी होडी

रविवार, शहापूर, बेळगाव.

वर्कशॉप बंद. सकाळपासून गच्चीवर बसून वहीत आकडे मांडतोय आणि ते एकाही गिऱ्हाइकाच्या जॉबचे नाहीत. गोव्याहून परतल्यापासून डोक्यात एकच विषय आहे, शिडाची छोटी होडी. सोळा ते वीस फूट. आत दोन माणसं आडवी झाली म्हणजे पुरे.

बेळगावच्या माणसाला पाण्याचा नाद कशाला, हे घरात विचारून झालंय. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर राहतो आपण. पण आपला खानापूर तालुका बघा. कणकुंबीला उगवलेली मलप्रभा पूर्वेकडे वळते, कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. त्याच तालुक्यातली म्हादई पश्चिमेला उतरते आणि गोव्यात मांडवी होते. म्हादईचं नाव काढलं की आमच्याकडे पाणी वळवायचा वाद, म्हणजे कळसा-भांडुरा, लवाद आणि मोर्चे सुरू होतात, त्यात आज शिरत नाही. मला आठवते ती दुसरीच म्हादई. दिवाडी बेटावरच्या यार्डात नौदलासाठी बांधलेल्या ५६ फुटी शिडाच्या नौकेला हेच नाव दिलं होतं. तिच्यातून दिलीप दोंदे २००९-१० साली एकट्यानं जगाला फेरी मारून आले, आणि २०१२-१३ साली अभिलाष टॉमी कुठंही न थांबता. भीमगडच्या जंगलातल्या नदीचं नाव दक्षिण अमेरिकेच्या टोकाला केप हॉर्नला वळसा घालून आलंय, आणि आमच्या गल्लीत कुणाला त्याचं काही नाही.

मात्र ५६ फूट हे माझ्या कामाचं माप नव्हे. भाचा गोव्यात बोटींच्या यार्डात नोकरीला आहे. त्यानं दोघा मित्रांबरोबर एक जुनी फायबरची होडी घेतली आहे, मोठ्या कारपेक्षा जेमतेम लांब. "मामा, एक रात्र झोपून बघ, मग बोल," म्हणाला. गेलो.

दुपारी खारे वारे सुरू झाल्यावर मांडवीच्या काठच्या रायबंदरहून निघालो. वारा वायव्येकडून, म्हणजे पाठीवर, आणि भरतीही आत शिरणारी. वेळ त्यानं तशीच साधली होती. इंजिन मागे लटकलेलं होतं, पण ते सुरूच केलं नाही. डाव्या हाताला चोडणची खारफुटी मागे पडली, सलीम अली पक्षी अभयारण्य आहे तिथली, मग दिवाडी आलं. फेरीबोटी इकडून तिकडे जात होत्या, त्यांना आधी वाट द्यायची. जुन्या गोव्याच्या पुढे नांगर टाकला तेव्हा ऊन उतरलं होतं. हेच अंतर मोटारसायकलवर पंधरा मिनिटांत संपलं असतं. आमची अख्खी दुपार गेली, आणि पोचल्यावर आपण परगावी आलोय असंच वाटलं.

नांगराचा हिशोब मला फार आवडला. ओहोटीला खाली तीन मीटर पाणी असेल, तर भरतीचे साधारण दोन मीटर त्यात धरायचे, झाले पाच. दोर त्याच्या निदान पाच पट सोडायचा, म्हणजे पंचवीस मीटर. दोर तोकडा असला की नांगर वर उचलला जातो आणि चिखलात रुतत नाही. रुतला की नाही हे बघायला काठावरचे दोन दिवे एका रेषेत धरायचे, एक जवळचा आणि एक लांबचा. रेष तुटत गेली तर होडी सरकतेय. डोलकाठीवर चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावायचा, कारण नदीत रात्रीही बार्ज फिरतात. आणि शिडाचा दोर डोलकाठीपासून लांब ओढून बांधायचा, नाहीतर तो रात्रभर टकटक करतो. शेवटची गोष्ट मला वाटतं संसारी माणसानं शोधून काढली असणार.

केबिन म्हणजे रेल्वेचा वरचा बर्थ. बसायला मान वाकवावी लागते, उभं राहायचा प्रश्नच नाही. ताईनं भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली होती, मी इथून कुंदा नेला होता. छोट्या स्टोव्हवर चहा केला. संडासाची सोय म्हणजे बादली, लपवाछपवी कशाला करायची. डासांनी दिवे लागताच हल्ला केला, जाळी लावली तेव्हा कुठं शांत झालो. पहाटे अंथरूण दमट, पाठ आखडलेली. हे सगळं धरूनच सांगतो, इतकी बरी झोप मला हॉटेलात लागत नाही.

मध्येच जाग आली. झोपताना पायाकडे असलेला काठावरचा दिवा आता डोक्याकडे होता. क्षणभर दोर तुटला की काय असं वाटून धडपडत बाहेर आलो. काही झालं नव्हतं. ओहोटी संपून भरती लागली होती, आणि होडी नांगराभोवती फिरून उलट तोंड करून उभी होती. लांब पश्चिमेला पणजीच्या कॅसिनोंचा उजेड आकाशात दिसत होता. माझ्या अंगाखालून जाणाऱ्या त्या पाण्यात थोडं खानापूरचंही असणार. भाचा मात्र घोरत होता. सकाळी त्याला सांगितलं तर म्हणाला, "मामा, ती दर सहा तासांनी फिरते. दर वेळी उठणार काय?"

परतताना उलटा खेळ. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, आणि त्याच्या जोडीला ओहोटी. जाताना एक जोडी ढकलते आणि येताना दुसरी आणून सोडते. काहीशे वर्षांपूर्वीची गलबतं याच हिशोबावर ये-जा करत असणार. आपण फक्त घाई करायची नाही.

आता वहीतले आकडे. होडी पोट पाण्यात ठेवून जास्तीत जास्त ज्या वेगानं जाऊ शकते, तो वेग पाण्यातल्या लांबीवर ठरतो. लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि १.३४ ने गुणायचं, उत्तर नॉटमध्ये येतं. सोळा फुटांना साडेपाचच्या आत, म्हणजे तासाला दहा किलोमीटर. छत्तीस फुटांना आठ नॉट, म्हणजे पंधरा किलोमीटर. लांबी सव्वादोन पट, वेग दीडपट. आणि त्याच घडणीची होडी सव्वादोन पट वाढवली तर वजन होतं अकरा पटींच्या वर. शिडं, दोर, नांगर, सगळं त्याबरोबर चढतं. ज्यानं आयुष्यभर कास्टिंग किलोवर विकलंय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. माणूस मोठी बोट घेतो ती वेगासाठी नव्हे, आत उभं राहता यावं म्हणून. मग ती धक्क्याला बांधून ठेवतो आणि दुरुस्तीची बिलं भरतो. लहान होडी ज्याची आहे तो तिला शनिवारी पाण्यात घालतो.

लहान म्हणजे खेळणं, असं बोलणाऱ्यांसाठी दोन नावं वहीत लिहून ठेवली आहेत. इंग्लंडचे फ्रँक डाय. त्यांची वेफेरर जातीची होडी चार मीटर ब्याऐंशी सेंटिमीटर, वर सगळी उघडी, केबिनच नाही. इयन प्रॉक्टर यांनी १९५७ साली आखलेली. डाय एका सोबत्याला घेऊन १९६३ साली तिच्यातून स्कॉटलंडहून आइसलँडला गेले आणि पुढच्या वर्षी नॉर्वेला. नॉर्वेच्या वाटेवर वादळात होडी उलटली, डोलकाठी मोडली, तरी पोचले. दुसरे अमेरिकेचे रॉबर्ट मॅनरी, क्लीव्हलँडच्या वर्तमानपत्रातले कॉपी एडिटर. जुन्या साडेतेरा फुटी होडीवर स्वतःच्या हातानं केबिन चढवली आणि १९६५ साली एकट्यानं अटलांटिक ओलांडला, ७८ दिवसांत. लाटांनी कितीदा तरी बाहेर फेकलं, कमरेला दोर होता म्हणून वाचले. त्यांच्या वाटेनं जायची मला हौस नाही. मला मांडवी पुरे, फार तर थंडीत एखादं वारं बघून उत्तर गोव्यातल्या शापोऱ्यापर्यंत.

अडचण ठेवायची. तळातून खाली पाण्यात उतरणारी मधली पोलादी पाटी वर उचलली की असल्या होडीला फूटभर पाणी पुरतं, डोलकाठी बुंध्याशी बिजागरीवर आडवी पडते, आणि सगळं ट्रेलरवर चढतं. म्हणजे ती बेळगावात राहू शकते. राकसकोपचं पाणी शहराच्या नळांना जातं, तिकडं बघायचंच नाही. हिडकलला घटप्रभेचा जलाशय आहे, सौंदत्तीजवळ मलप्रभेवरचा नवीलतीर्थ त्याहून ऐसपैस. पाटबंधारे खात्याची परवानगी लागेल, आणि मे महिन्यात पाणी उतरलं की नुसता गाळ. तरी ऑगस्टनंतर नवीलतीर्थला एक रात्र काढायला काय हरकत आहे? यल्लम्माच्या डोंगराकडे तोंड करून नांगर टाकायचा. चोर्ल्याच्या घाटातून ट्रेलर गोव्याला ओढत न्यायला मात्र माझी छाती होत नाही. ती वळणं मी रिकाम्या गाडीनंही जपूनच घेतो.

बायकोला दुपारी चित्र दाखवलं. चष्मा लावून बराच वेळ बघितलं तिनं. "अहो, हे आपल्या बोळातनं आत येणार कसं?" मी टेप घेऊन खाली गेलो. बोळ सात फुटांना थोडा कमी, होडीची रुंदी सहा. येते. नळाची तोटी तेवढी काढून दुसरीकडे बसवावी लागेल. ते ऐकल्यावर ती म्हणाली, "बसवायचीच आहे तर मागच्या पडवीत बसवा, धुणं तिथंच असतंय की." म्हणजे अगदीच नाही असं नाही.

संक्रांतीला भाचा येणार आहे, प्लायवूडच्या होडीचे आराखडे घेऊन. मधल्या पाटीचं वजन बिडात ओतायचं काम उद्यमबागेत शेजारच्या फाउंड्रीत होईल, त्यांच्याशी बोललोय. उद्या आठ बाय चारच्या मरीन प्लायवूडचा भाव काढायचा.