तुम्ही विचारलंत म्हणून : नीतिमत्त्व शिकवून येते का?

महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली आणि त्या वर्षांतले बहुतेक रविवार चर्चमध्ये, मंडळीच्या उपासनेत गेले, त्यामुळे एकच प्रश्न मला दोन्हीकडून विचारला जातो. सहकारी विचारतात, की आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांनी तत्त्वज्ञानाला इतके कमी का लेखले. मंडळीतली तरुण मुले विचारतात, की तत्त्वज्ञानाच्या नावाखाली कोणी तुम्हाला भुलवून नेऊ नये, असा इशारा बायबलातल्या कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात स्पष्ट दिलेला असताना मी जन्मभर तोच विषय का शिकवला. दोघांनाही मी एकच उत्तर देतो, पण ते नेहमी घाईत दिले जाते. म्हणून आज सविस्तर लिहितो.

आधी एका शब्दाविषयी सांगायला हवे. प्लेटोवरच्या मराठी पुस्तकात ज्याला 'न्याय' म्हटलेले असते आणि मराठी बायबलात येशूच्या डोंगरावरील प्रवचनात ज्याला 'नीतिमत्त्व' म्हटलेले आहे, तो मुळात एकच ग्रीक शब्द आहे : डिकायोसिनी. लॅटिनमधल्या 'युस्टिशिया'चेही तसेच. मराठीत हे दोन शब्द वेगळे पडल्यामुळे आपल्याला वाटते, की तत्त्वज्ञ एका गोष्टीविषयी बोलत होते आणि ख्रिस्ती लेखक दुसऱ्या. प्रत्यक्षात वाद एकाच गोष्टीवर होता, आणि ती कोणाला शिकवता येते, हा त्या वादाचा गाभा होता.

या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांचा सूर एक नव्हता. अथेन्सचा जेरुसलेमशी, म्हणजे तत्त्वज्ञानाचा श्रद्धेशी, काय संबंध, असे टर्टुलियनने खडसावून विचारले. उलट अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटच्या मते यहुद्यांना जसे नियमशास्त्र तसे ग्रीकांना तत्त्वज्ञान, म्हणजे ख्रिस्ताकडे हात धरून नेणारा शिक्षक होता. जस्टिन तर ख्रिस्ती झाल्यावरही तत्त्वज्ञाचा झगा घालून वावरत असे. पण मी ज्याच्याकडे पुन्हा पुन्हा वळतो तो लॅक्टॅन्शियस, कारण तो माझ्यासारखाच पोटापाण्यासाठी शिकवणारा माणूस होता.

उत्तर आफ्रिकेतल्या या वक्तृत्वाच्या शिक्षकाला सम्राट डायोक्लेशियनने निकोमेडियाला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमितला, लॅटिन वक्तृत्व शिकवण्यासाठी बोलावून घेतले होते. 23 फेब्रुवारी 303 रोजी तिथले चर्च सैनिकांनी पाडले आणि रोमन साम्राज्यातला ख्रिस्ती लोकांचा सर्वांत मोठा छळ सुरू झाला. त्याच दिवसांत तिथे एका तत्त्वज्ञाने ख्रिस्ती धर्माविरुद्ध तीन पुस्तके लिहिली. लॅक्टॅन्शियस त्याचे नाव देत नाही. तो फक्त सांगतो, की हा गृहस्थ व्याख्यानात संयम आणि निर्लोभीपणाची थोरवी गायचा, आणि त्याच्या घरचे जेवण राजवाड्यातल्या जेवणापेक्षाही चैनीचे असे. पुढे लॅक्टॅन्शियसने सात भागांचा जो मोठा ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात तत्त्वज्ञानाची उलटतपासणी आहे आणि पाचव्यात युस्टिशियाचा विचार. सद्गुणांची व्याख्या करणाऱ्यावर त्या व्याख्येचा काही अंमल चालत नसेल, तर तिचा उपयोग काय, ही त्याची पहिली तक्रार आहे.

ही तक्रार मला झोंबते, आणि त्याला कारण आहे. अनेक वर्षांपूर्वी नीतिशास्त्राच्या परीक्षेत एक विद्यार्थी कॉपी करताना सापडला. त्याच्याजवळच्या चिठ्ठीवर कांटचा निरपेक्ष आदेश लिहिलेला होता : जो नियम सर्वांनी पाळावा असे तुला वाटेल, त्याच नियमाने वाग. वाक्यरचना माझीच होती, मी वर्गात उतरवून दिलेली. त्या मुलाला मी वाईट म्हणू शकलो नाही. त्याने माझ्याकडून जे घ्यायचे ते घेतले होते, आणि मी जे दिले होते ते चिठ्ठीवर मावणारे होते.

दुसरी तक्रार मला अधिक मोलाची वाटते. लॅक्टॅन्शियस म्हणतो, की तत्त्वज्ञान शिकायचे तर आधी अक्षरओळख हवी, मग व्याकरण, वक्तृत्व, भूमिती, संगीत, खगोल, आणि या सगळ्यासाठी फुरसत हवी. मग शेतकरी, कारागीर, गुलाम आणि स्त्रिया यांनी शहाणपणाकडे यावे कसे? माणसाचा जन्मच शहाणपणासाठी असेल, तर ते मोजक्यांपुरते राहून चालणार नाही. जस्टिनलाही हा अडसर आधी भेटला होता. तो एका पायथागोरसपंथीयाकडे गेला, तेव्हा त्याने संगीत, खगोल आणि भूमिती येत नसल्याचे कारण सांगून त्याला परत पाठवले. त्याआधीच्या एका गुरूने तर थोड्याच दिवसांत फी ठरवायला सांगितली होती. ख्रिस्ती लोक लोकर विंचरणारे, चांभार आणि धोबी यांच्या घरांत शिकवतात, असे ख्रिस्ती धर्माचा टीकाकार सेल्सस याने तुच्छतेने लिहिले. त्याला ऑरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने दिलेले उत्तर मी वर्गातही सांगत असे. एकच सकस अन्न एकाने मसाले घालून फक्त श्रीमंतांच्या जिभेला रुचेल असे शिजवले आणि दुसऱ्याने गरिबांना, खेडुतांना सवयीचे होईल असे शिजवले, तर लोकांच्या प्रकृतीची काळजी अधिक कोणी वाहिली?

इथे लॅक्टॅन्शियसने अन्याय केला आहे, हेही सांगितले पाहिजे. स्टोइक पंथाच्या तत्त्वज्ञांमधला एपिक्टेटस स्वतः गुलाम होता, आणि मुलींनाही तत्त्वज्ञान शिकवावे, असे त्याचा गुरू मुसोनियस रूफस आग्रहाने सांगत असे. ऑरिजेन मात्र प्रामाणिकपणे मान्य करतो, की प्लेटो फक्त विद्वानांच्या हातात दिसतो, पण एपिक्टेटस साध्या माणसांनाही भावतो. शिवाय 'रागीट, शिवराळ, बेबंद माणूस माझ्याकडे आणा, देवाच्या मोजक्या शब्दांनी मी त्याला मेंढरासारखा शांत करीन', ही लॅक्टॅन्शियसची हमी मला कधीच मान्य होऊ शकली नाही. ते मोजके शब्द आयुष्यभर ऐकूनही सख्ख्या भावाशी न बोलणारी माणसे मी मंडळीत पाहिली आहेत.

तरीही त्याचा मुख्य मुद्दा उरतोच. इ.स.पू. 155 मध्ये अथेन्सचा राजदूत म्हणून रोमला आलेल्या कार्नेआडीस या ग्रीक तत्त्वज्ञाने एके दिवशी न्यायाच्या बाजूने भाषण केले आणि दुसऱ्या दिवशी विरुद्ध. रोमन वक्ता सिसरो याने तो युक्तिवाद आपल्या ग्रंथात घेतला. त्या ग्रंथाचा बराच भाग हरवल्यामुळे आज तो आपल्याला मुख्यतः लॅक्टॅन्शियसमुळेच कळतो. घर विकताना त्यातला दोष सांगणारा न्यायी खरा, पण मूर्ख. दोष लपवणारा शहाणा, पण अन्यायी. तत्त्वज्ञांना याचे उत्तर देता आले नाही, कारण न्यायाचे मूळच त्यांना ठाऊक नव्हते, असे लॅक्टॅन्शियस म्हणतो. त्याच्या मते ते मूळ दुहेरी आहे : देवाला ओळखणे आणि सर्व माणसांना समान मानणे. जिथे श्रीमंत-गरीब, बलवान-दुबळे अशा पायऱ्या आहेत, तिथे न्याय असू शकत नाही. म्हणून तो ग्रीकांजवळही नव्हता आणि रोमनांजवळही नव्हता, असे तो स्वच्छ लिहितो. छळाच्या ऐन काळात एक शिक्षक हे लिहीत होता, याचे मला आजही अप्रूप वाटते.

आणि ज्यांनी छळ केला त्यांच्यावर उलट सक्ती करावी, असेही तो म्हणत नाही. धर्म बळाने लादता येत नाही, काम फटक्यांनी नव्हे तर शब्दांनी करावे, असे तो सांगतो. लॅटिनमध्ये 'शब्द' आणि 'फटके' यांसाठीचे शब्द, व्हर्बा आणि व्हर्बेरा, एकमेकांच्या इतके जवळ आहेत, की ते वाक्य कानात राहते.

छळ संपला, सम्राट कॉन्स्टंटाइन ख्रिस्ती झाला आणि त्याने आपला मुलगा क्रिस्पस याला शिकवण्यासाठी वृद्ध लॅक्टॅन्शियसला गॉलमध्ये, म्हणजे ढोबळमानाने आजच्या फ्रान्सच्या प्रदेशात, बोलावले. न्यायावर इतके लिहिलेल्या माणसाला एका भावी राज्यकर्त्याला घडवण्याची संधी मिळाली होती. 326 मध्ये त्या क्रिस्पसला त्याच्याच वडिलांच्या हुकमाने ठार करण्यात आले. शिकवणी मुलाची झाली होती. हुकूम बापाचा होता.