सातेरीचे थवे नवख्यांच्या हाती: या हंगामाची नोंद

सातेरी म्हणजे पेटीत पाळता येणारी आपली देशी मधमाशी, आणि थवा म्हणजे राणीसह नवं घर शोधायला बाहेर पडलेला तिचा घोळका. असे थवे पकडून मी नव्यानं मधमाश्या पाळणाऱ्यांना देतो. या हंगामात एकच गोष्ट वेगळी करून पाहिली. पकडलेला थवा त्याच संध्याकाळी नवख्याच्या हाती द्यायचा नाही. आधी आपल्या स्टॅण्डवर ठेवायचा, राणीची अंडी दिसू द्यायची, कोष बंद होऊ द्यायचे, मग पेटी सोडायची. पुण्याच्या पश्चिमेकडच्या सोसायट्यांमधून मिळालेले थवे जवळजवळ सगळे असेच गेले. कोणते टिकले, कोणते उडाले, त्याची ही नोंद.

आधी फोनबद्दल. ‘मधमाश्या आल्यात, घेऊन जा’ असे जे फोन येतात त्यातले निम्मेशिम्मे आग्याचे. वरच्या मजल्याच्या सज्जाखाली उघड्यावर लटकलेलं एकच भलंमोठं पोळं दिसलं की ती आग्या. ती पेटीत राहत नाही, ऋतू पालटला की आपणहून जाते. कढीपत्त्याच्या नाहीतर बोगनवेलीच्या फांदीला तळहाताएवढं एकच पोळं असेल तर फुलोरी, तीही पेटीची नव्हे. सातेरी अंधाऱ्या पोकळीत राहते आणि शेजारी-शेजारी समांतर पोळी बांधते, म्हणूनच ती पेटीतल्या लाकडी चौकटींत नांदते. त्यामुळे आधी फोटो मागवतो. आग्या असेल तर एवढंच सांगतो: जाळू नका, फवारू नका, त्या बाजूचे दिवे रात्री बंद ठेवा, म्हणजे माश्या घरात शिरणार नाहीत.

ऑक्टोबर-नोव्हेंबर

पाऊस उघडल्यावर पहिली कामं मिळाली ती थव्यांची नव्हेत, बसलेल्या वसाहतींची. मीटरच्या पेटीत, गच्चीवरच्या रिकाम्या टाकीत, बंद फ्लॅटच्या एसीच्या भोकात. अशी वसाहत काढणं वेळखाऊ, पण नवख्याला द्यायला हीच जास्त भरवशाची, कारण राणी अंडी घालतेय हे डोळ्यांनी दिसलेलं असतं. ब्रूडची, म्हणजे अंडी-अळ्यांची, पोळी कापून चौकटीत बसवायची आणि केळीच्या सोपटानं बांधायची. भिंतीवर जशी उभी होती तशीच उभी धरायची, वरची बाजू वर. मधाचे तुकडे चौकटीत घालत नाही. वजनानं ते खाली बसतात, मध ओघळतो आणि मुंग्यांना आमंत्रण जातं. दोन-तीन दिवसांत माश्या पोळं मेणानं चिकटवतात आणि सोपट कुरतडून बाहेर टाकायला लागतात. दाराशी सोपटाचे धागे पडलेले दिसले की मी निश्चिंत होतो.

हल्ली बरेच जण रबरबँड वापरतात. चालतं, पण मला सोपटच बरं वाटतं.

डिसेंबर-जानेवारी

पहिली पेटी सासवडकडच्या एका शेतकऱ्याला गेली. त्यांचा कांद्याच्या बियाण्याचा प्लॉट आहे. डोंगळे, म्हणजे कांद्याच्या फुलांचे गोंडे, फुलले की मधमाशीवाचून बी धरत नाही, त्यामुळे माश्या कशाला हव्यात हे त्यांना समजावावं लागलं नाही. मला समजावून घ्यायचं होतं ते फवारणीचं. स्वतःच्या शेतात ते फुलोऱ्यात फवारत नाहीत, पण शेजारच्या डाळिंबाचं काय? त्यांनी सरळ शेजाऱ्यालाच फोन लावून माझ्या हातात दिला. सूर्य कलल्यावर फवारायचं आणि आदल्या दिवशी कळवायचं, असं ठरलं. ती पेटी आजही जोरात आहे.

दुसरी वेल्ह्याकडं, कृषी पदविका करणाऱ्या एका मुलीला. तिनं पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षण घेतलं होतं. ही संस्था १९६२ पासून आहे आणि ज्याला हा छंद गंभीरपणे करायचाय त्यानं तिथं किंवा महाबळेश्वरच्या मध संचालनालयात आधी शिकून यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. व्हिडिओ बघून पेटी उघडणारे मला भेटलेत. ते चौकट आडवी करून बघतात आणि नवं पोळं तुटून खाली पडतं. या मुलीनं पेटीवर हलकी टिचकी मारली, आतून एकसुरात ‘फुस्स’ आलं, आणि ती म्हणाली, “काका, भरलीय.” तिला आणखी काही विचारलं नाही.

अडचण आली ती पेटीच्या मापाची. माझ्याकडं सगळ्या आयएसआय ए टाइप, म्हणजे लहान प्रमाणित मापाच्या, पेट्या, तिच्या घरी बी टाइपची, मोठ्या चौकटीची. ए ची चौकट बी मध्ये टांगता येत नाही. शेवटी ए च्या चौकटीतून पोळी सोडवून पुन्हा बांधावी लागली, म्हणजे महिन्याभरात त्याच वसाहतीची दुसऱ्यांदा उलथापालथ. सातेरीला ही असली छेडछाड सोसत नाही, मनात आलं की पेटी टाकून निघते. ही टिकली, पण आता पेटीचा फोटो आणि चौकटीचं माप आल्याशिवाय मी तारीखच देत नाही.

फेब्रुवारी-मार्च

खरे थवे या दिवसांत. शेवगा, करंज, मग जांभूळ. पेट्या माश्यांनी भरतात आणि वसाहती फुटून थवे निघतात. पहिला थवा जुन्या राणीचा: मोठा, जड, फांदीवर शांत बसलेला. त्यानंतर त्याच वसाहतीतून सुटतात ते लहान थवे, त्यांच्यात कोवळी, अजून मीलन न झालेली राणी. कधी एकीपेक्षा जास्त. नवख्याला हा फरक सांगितलाच पाहिजे, कारण सगळं काम इथंच बिघडतं ते राणीजाळीपायी.

राणीजाळी दाराला लावली की कामकरी माश्या ये-जा करतात, राणी अडकते, आणि थवा उडून जात नाही. जुन्या राणीच्या थव्याला पहिले तीन-चार दिवस ही जाळी ठीक आहे. पण कोवळ्या राणीला मीलनासाठी बाहेर उडायचंच असतं. जाळीआड ती अडकली तर कधीच फळणार नाही आणि पेटी हळूहळू संपेल. मुळशीतल्या एका उत्साही गृहस्थांनी आपणच पकडलेला थवा असा महिनाभर कोंडून ठेवला आणि मग मला बोलावलं. पोळ्याच्या एकेका घरात तीन-तीन अंडी, तीही तळाऐवजी भिंतींना चिकटलेली. कामकऱ्यांनीच अंडी घालायला सुरुवात केली होती. कामकऱ्यांच्या घरांवर टोपणाला मधोमध बारीक भोक असलेले उंचवटे दिसत होते, म्हणजे आत सगळे नर. अशा वसाहतीत नवी राणी सहसा स्वीकारत नाहीत. माश्या दुसऱ्या पेटीत मिसळून टाकल्या आणि त्या गृहस्थांचं नाव पुढच्या थव्यासाठी लिहून घेतलं.

म्हणून लहान थव्याला मी जाळी लावत नाही. त्याऐवजी जोमदार पेटीतली उघड्या अळ्यांची एक चौकट मधोमध देतो. अळ्या सोडून माश्या सहजी उठत नाहीत. संध्याकाळी साखर-पाणी समप्रमाणात, पेटीच्या आत, थेंबही बाहेर न सांडता. मग दहा-बारा दिवस झाकण उघडायचं नाही. दारातून पराग आत जातोय का, एवढंच बघायचं. (सातेरी दारात बसून पंख मारताना तोंड बाहेर करून बसते, मेलिफेरा, म्हणजे पाळीव विदेशी मधमाशी, आत करून. बघत बसायला हे बरं पडतं.)

ज्यांना थवा मिळाला नाही त्यांनी हात चोळत बसू नये. जुन्या पोळ्याचं मेण आतून चोळलेली, कोरडी, एखाद्या झाडाच्या बेचक्यात सावलीला ठेवलेली रिकामी पेटी या दिवसांत थवा खेचते. मेणाबरोबर गवती चहाची पात चुरगाळून आत फिरवा. कामकरी माश्या एकमेकींना बोलावायला जो वास सोडतात, त्यातला सिट्रल गवती चहातही असतो.

एप्रिल ते आता

वरचं ‘जवळजवळ सगळे’ मोडतं ते इथं. एप्रिलनंतरचे थवे मी कुणालाच दिले नाहीत. बरेच जण नाराज झाले. एकीनं तर सुनावलं, “दादा, तुम्ही साठवून ठेवताय.” कारण असं, की मुळशी-वेल्ह्याचा पाऊस म्हणजे सातेरीला तीन-साडेतीन महिने उपास. फूल नाही, उडता येत नाही, पेटीत ओल, आणि माश्या कमी झाल्या की राखण न उरलेल्या पोळ्यांत मेणकिडा शिरतो. एप्रिलमधला थवा जूनपर्यंत साठा करू शकत नाही, आणि नवख्याला पेटी हलकी झाल्याचं हाताला कळत नाही. त्याच्या आठवणीत पहिलं वर्ष म्हणजे रिकामी पेटी, आणि तो सोडून देतो. म्हणून हे थवे मी दिवाळीपर्यंत सांभाळतोय. काही सासवडकडं हलवलेत. तिकडं पाऊस बेताचा, मका-बाजरीचा पराग मिळतो. हलवताना रात्री दार बंद करून, सरळ लांब न्यायचं. सातेरी साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरात चरते, त्या टप्प्यात पेटी सरकवली तर माश्या जुन्या जागी परततात.

सांभाळायचं दुसरं कारण रोगाचं. १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड विषाणूनं दक्षिण भारतातल्या सातेरीच्या बहुतांश वसाहती संपवल्या होत्या. न झाकलेल्या घरात डोकं वर उचलून मेलेली, पाण्याची पिशवी झाल्यासारखी अळी दिसली की तो संशय. अशी एक वसाहत जूनमध्ये आली. ती वेगळी ठेवली, तिची एकही चौकट दुसरीकडं फिरवली नाही, आणि ती कुणाला देणारही नाही.

पैसे घेत नाही, पेटी ज्याची त्यानं आणायची. अट एकच: वसाहत टिकली तर पुढच्या वर्षी तिचं विभाजन करून एक भाग पुढच्या नवख्याला द्यायचा, आणि तो कुणाला, हे त्यानंच ठरवायचं. सासवडच्या शेतकऱ्यांनी यंदाच मार्चमध्ये दिला, वर्ष व्हायच्या आत, आपल्या मेहुण्याला. वेल्ह्याची मुलगी कारळा फुलायची वाट बघतेय.

माझ्या बाजूनं अडलंय ते पेट्यांपाशी. स्टॅण्ड आहेत, पायांखाली पाण्याच्या वाट्या आहेत, पण दिवाळीला द्यायच्या वसाहती तोवर ठेवायला ए टाइपच्या पेट्या कमी पडताहेत. कुणाकडं जुन्या, वाळवी न लागलेल्या पडून असतील तर उसन्या द्या. तळपाट फुटलेला असला तरी चालेल, तो मी घरी बसवून घेईन.