दाजीपूरचा मुक्काम आणि फुटलेला चेंबर

घाईत असाल तर एवढंच वाचा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या दाजीपूरला गवे बघायला जरूर जा, पण स्वतःची छोटी गाडी असेल तर डांबरी सोडू नका. फोनवरचा माणूस कितीही गोड आवाजात "सर, वॅगनार आरामात येते" म्हणाला तरी सोडू नका. बाकीच्यांनी पुढचं वाचावं.

आक्का आणि दाजी पुण्याहून आले होते. दाजींना दाजीपूर दाखवायचं, हा विनोद आमच्या घरात त्यांच्या लग्नापासून चालू आहे आणि लग्नाला सोळा वर्षं झाली. फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी अखेर योग आला. मोठी चार माणसं, पोरं दोन, बॅगा मोजल्याच नाहीत, आणि गाडी माझी वॅगनार. ओझं जास्त होतं हे मान्य. तो माझा दोष, तो मी मोकळेपणानं घेतो. बाकीचा नाही घेणार.

उतरायची जागा मोबाईलवर फिरत आलेल्या जाहिरातीतून ठरली. त्यात लिहिलं होतं, 'नॅशनल पार्कच्या कोअरमध्ये मुक्काम'. इथंच मला शंका यायला हवी होती, कारण मी कोल्हापूरचा आहे आणि एवढं मला माहीत असायला हवं. दाजीपूर नॅशनल पार्क नाही. ते राधानगरी अभयारण्य आहे. आपल्याकडचं राष्ट्रीय उद्यान म्हणजे चांदोली, वारणेच्या अंगाला, कोयनेबरोबर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलेलं. आणि कोअर, म्हणजे जंगलाचा गाभा म्हणाल तर आमची जागा अभयारण्याच्या आतसुद्धा नव्हती. कडेच्या खासगी रानात चार खोल्या, दोन तंबू आणि पत्र्याखाली जेवणाची बाकं. जागेचं नाव लिहीत नाही. अशा जागा तिकडं बऱ्याच झाल्यात आणि फोनवर सगळीकडं तेच बोलतात, त्यामुळं नावापेक्षा प्रश्न काय विचारायचे ते कळलेलं बरं.

कोल्हापुरातून दाजीपूर साधारण ऐंशी किलोमीटर. चहापाणी धरून अडीच तास लागतात. हळदी, भोगावती करत राधानगरीपर्यंत झोपेतसुद्धा जाता येतं. पेट्रोल, पैसे, पोरांची गोळ्या-औषधं, जे काही घ्यायचं ते राधानगरीतच घ्या. पुढं दुकानं आहेत, पण हवं ते मिळेलच असं नाही, आणि मोबाईलची रेंज मनात येईल तेव्हा असते. पुढच्या रस्त्याला बराच वेळ धरणाचं पाणी सोबत करतं. दाजींनी विचारलं म्हणून मीही गाईडगिरी करून घेतली. धरण शाहू महाराजांनी सुरू केलेलं, तलावाला महाराणी लक्ष्मीबाईंचं नाव आणि राधानगरीला लेकीचं, राधाबाई आक्कासाहेबांचं. पावसाळ्यात ज्या सात स्वयंचलित दरवाज्यांच्या बातम्यांवर आपण पंचगंगेच्या पुराचा अंदाज बांधतो, ते दरवाजे इथलेच. पाण्याच्या दाबानंच उघडतात, बटण दाबायला माणूस लागत नाही. दाजींना हे पटायला दोन वळणं लागली.

आता त्या रस्त्याकडं येतो.

फोनवर सांगितलेलं माझ्या अजून कानात आहे. "डांबरी सोडली की अर्धा किलोमीटर कच्चा. कालच एक होंडा सिटी येऊन गेली." मी फाट्यावर मीटर बघून ठेवला होता. नंतर जीपमधून मोजलं तेव्हा ते अंतर तीन किलोमीटर आठशे मीटर भरलं. पहिले तीनेकशे मीटर खरोखर चांगले आहेत, मुरूम टाकून दाबलेला, त्यामुळं माणूस भुलतो. मग उतार लागतो आणि जांभा सुरू होतो.

ज्यांनी जांभ्यावर गाडी घातली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा दगड मऊ दिसतो, तांबडा, भोकाभोकांचा. पावसानं माती वाहून गेली की त्याचे कोपरे वर राहतात. या वाटेवर रोज जीप आणि ट्रॅक्टर चालतात, त्यांनी दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पाडल्यात. मध्ये उंचवटा, आणि उंचवट्यावर वाळलेलं गवत. आपली छोटी गाडी त्या चाकोऱ्यांत उतरली की तिचं पोट नेमकं उंचवट्यावर येतं आणि गवतात दगड असतो. तो दिसत नाही. ऐकू येतो.

आम्हाला अडीच किलोमीटरवर ऐकू आला. खालून 'ठक्' असा एकच आवाज, मोठाही नाही. आक्का म्हणाली, "काय पडलं का रे?" मी म्हटलं, "काही नाही, दगड उडाला." शे-दीडशे मीटर गेलो असेन, तोवर समोर तेलाच्या किटलीचं लाल चित्र पेटलं. हे चित्र पेटलं की त्याच क्षणी इंजिन बंद करायचं. पुढची सावली गाठून बंद करतो म्हणायचं नाही. एवढं मला माहीत होतं म्हणून इंजिन वाचलं. खाली वाकून बघितलं तर चेंबरला, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याला, बोटाच्या पेराएवढी चीर आणि तांबड्या धुळीत काळ्या तेलाची रेघ, मागं वळणापर्यंत.

तिथून पुढं सगळे बॅगा घेऊन चालत. दुपारी एकचं ऊन. पोरांना मजा वाटली.

जाणं भागच असेल तर असं करा. उतारावर बायका-पोरांना, खरं म्हणजे सगळ्यांनाच, खाली उतरवा. रिकामी गाडी दोन-तीन बोटं वर येते आणि तेवढ्यावरच खेळ असतो. चाकोरीत चाकं घालू नका. एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं कडेला, असं चालवा. एकानं पुढं चालत जाऊन गवतात काठी फिरवावी. हे सगळं मी नंतर शिकलो. त्याहून सोपं म्हणजे गाडी दाजीपूर गावात डांबरीवर ठेवायची आणि जीप बोलवायची. त्या रात्री उतरलेल्या दुसऱ्या कुटुंबानं तेच केलं होतं. त्यांनी मला ते जेवताना सांगितलं. दोनदा.

तात्पुरता इलाज जीपवाल्या मामांनी केला. त्यांनी आमच्या बॅगेतला अंगाचा साबण मागितला, वडी ओली करून चिरेत दाबून घासली आणि गळती बरीच थांबवली. मग दोर लावून गाडी ओढून नेली. दुसऱ्या दिवशी दुपारी राधानगरीहून मिस्त्री आला, त्यानं साबण खरवडून एम-सील लावलं, दोन तास वाळू दिलं, नवं तेल ओतलं आणि स्वतः गाडी चालवत डांबरीवर आणून दिली. आम्ही पाठीमागून वरातीसारखे चालत. त्याचं येणं-जाणं, तेल आणि काम मिळून बत्तीसशे. कोल्हापुरात नवा चेंबर बसवायला वर साडेचार हजार. मिस्त्रीनं जास्त घेतले असं मला वाटत नाही. रविवारी कोण येतो एवढ्या लांब?

जास्त घेतले ते राहायच्या जागेनं. फोनवर माणशी अठराशे, पोरांना निम्मे, 'सगळं धरून' असं ठरलं होतं. म्हणजे नऊ हजार. निघताना शाळेच्या वहीचं पान फाडून दिलेलं बिल बारा हजार एकशे चाळीस. सफारीची जीप अडीच हजार, शेकोटी चारशे, गरम पाणी सहा बादल्या, बादलीला चाळीस. गरम पाण्याला पैसे मी आयुष्यात पहिल्यांदा मोजले. 'सगळं धरून'मध्ये सफारी नाही का, विचारलं तर मॅनेजर पोरगा म्हणाला, "सर, सफारी अरेंज करून देणं धरलंय." पोरगं गरीब होतं, त्याच्यावर ओरडून काही मिळणार नव्हतं. मालक फोनवर, आणि फोनला रेंज नाही. जीपवाल्या मामांना परतताना विचारलं तर अडीच हजारातले त्यांच्या हातात सतराशे पडतात. म्हणून सांगतो, जीप आपली आपण दाजीपुरात ठरवा, अभयारण्याच्या गेटवरची पावती स्वतः फाडून घ्या, आणि 'सगळं धरून'मध्ये काय-काय धरलंय ते आधी मेसेजवर लिहून मागा. दाजीपूरला वनखात्याचं विश्रामगृह आहे, तिथं जमतंय का आधी बघा. शनिवार-रविवार हवा असेल तर लवकर हालचाल करावी लागते.

जेवण ठीक. नाचणीची भाकरी फार चांगली होती. तांबडा-पांढरा म्हणून जे वाढलं त्याबद्दल कोल्हापूरकरानं न बोललेलं बरं.

शनिवारी संध्याकाळी बाकी सगळे शिवगडला जाऊन आले. घाटाच्या टोकावर आहे, खाली कोकण दिसतं. छान आहे म्हणे. मी गाडीजवळ बसून होतो.

सफारी रविवारी पहाटे. गेट उघडायच्या आधी तिथं उभे राहा. आमच्या मॅनेजरनं "आठला निघालं तरी चालतं" म्हणून सांगितलं होतं. मामांनी त्याला वेड्यात काढलं आणि सहाला हॉर्न वाजवला. आठनंतर आत शिरलेल्यांना शेण दिसतं. आतला रस्ता आमच्या वाटेपेक्षा वाईट आहे, पण जीपमध्ये त्याचं ओझं आपल्यावर नसतं. थंडी चांगलीच होती. उघड्या जीपमध्ये स्वेटरवर कानटोपी हवीच, आणि पोरांच्या अंगावर गोधडी टाकली तरी चालेल.

गवे दिसले. सावराई सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या अलीकडं, रस्त्यापासून वीसेक पावलांवर सात जण कारवीच्या झुडपात उभे. सहा माद्या-पिल्लं, एक नर. कोल्हापूरच्या महाराजांचं हे शिकारीचं रान, १९५८ साली गव्यांसाठी राखीव झालं आणि १९८५ मध्ये वाढवून ३५१ चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं. ते एवढं कशासाठी, हे त्या नराकडं बघून कळतं. म्हशीशी तुलना करू नका. खांद्यापाशी उंचवटा, अंग काळं तुकतुकीत, पाय गुडघ्यापासून खाली पांढरे, शाळेचे मोजे घातल्यासारखे. त्याच्या नाकातून वाफ येत होती. त्यानं एकदा 'फूंऽस' केलं, आणि माझा भाचा, जो दोन दिवस गप्प बसला नव्हता, आक्काच्या कुशीत शिरला. मामांनी इंजिन बंद केलं, हॉर्न नाही, बोलणं नाही. पाचेक मिनिटांत ते स्वतःहून खाली पाण्याकडं उतरले.

मामांचे दोन नियम लिहून ठेवतो. कळप रस्ता ओलांडत असेल तर मध्ये गाडी घालायची नाही, शेवटचा पार होईपर्यंत थांबायचं, कारण शेवटचं म्हणून जे आपल्याला वाटतं त्याच्या मागं अजून एक असतं. आणि एकटा नर दिसला तर फोटोसाठीसुद्धा खाली पाय टाकायचा नाही. २०२१ च्या डिसेंबरात गवा कोल्हापूरच्या वेशीवर आला तेव्हा लोक मोबाईल घेऊन मागं पळत होते, हे सांगताना मामांनी कपाळावर हात मारला.

शेकरूही दिसलं, दोनदा. वाघ बघायला जाणार असाल तर जाऊ नका. बिबट्या, अस्वल आहेत, पण ते आपल्याला बघतात. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं, तेव्हा जाऊन वाद घालू नका. गवे बघायला मार्च ते मे बरे असं मामांचं म्हणणं, पाणवठे कमी झाले की कुठं थांबायचं ते कळतं. संध्याकाळी अंग झटकून बघा. गवतातनं बारीक गोचिडी चढतात. आम्हाला मिळून अकरा निघाल्या, त्यातल्या चार दाजींच्या.

गाडी नसेल तर रंकाळा स्टँडवरून राधानगरीची एसटी मिळते. फोंडा घाटानं कोकणात उतरणारी गाडी सापडली तर ती दाजीपूरला सोडते. मी पुढच्या वेळी तेच करणार आहे. दाजींनी पुण्याला पोचल्यावर फोन केला, एप्रिलच्या सुट्टीत परत जाऊ म्हणून. मी म्हटलं, "जाऊ की दाजी. पण गाडी तुमची."