रुग्णाच्या उशाशी

बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात केवळ गोव्यातलेच नव्हे, तर सिंधुदुर्ग आणि कारवारकडचेही रुग्ण येतात, आणि त्यांच्या नातेवाइकांना केसपेपर कुठे काढायचा, कोणत्या खिडकीपाशी उभे राहायचे, हेही अनेकदा ठाऊक नसते. वडील तिथे दाखल असताना शेजारच्या खाटेवरील आजोबांना पेज भरवण्याचे काम सहजच माझ्याकडे आले, आणि स्वतःच्या काळजीने पोखरलेले माझे मन तेवढ्या वेळात स्थिर होत असे.

२००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना सकाळी पाच किंवा वीस डॉलर देऊन ते स्वतःसाठी वा दुसऱ्यासाठी खर्च करण्यास सांगितले होते. दुसऱ्यासाठी खर्च करणारे संध्याकाळी अधिक आनंदी आढळले, आणि रक्कम लहान की मोठी याने फरक पडला नाही. मला हे मनापासून पटते, कारण देण्यासाठी माझ्यापाशी वेळेखेरीज काहीच नव्हते.

आपल्याकडे गोव्यात यश म्हणजे सरकारी नोकरी आणि पोर्तुगालचा पासपोर्ट, असे सर्रास मानले जाते. रात्रपाळीत अनोळखी रुग्णाची कूस बदलणाऱ्या परिचारिकेचे जीवन मला त्याहून यशस्वी वाटते. मात्र घरातील आजारपणाचा सारा भार एकट्या सुनेवर टाकून त्याला सेवा म्हणणे मला मान्य नाही. तिथे मुलांनी, जावयांनी आणि शेजाऱ्यांनीही पाळ्या वाटून घेतल्या पाहिजेत.