गिंब्रीच्या मागे चालणारा सिंथ

मोरोक्कोतल्या एस्सौइराला ग्नावा वादकांबरोबर वाजवायला जाताना मॉड्युलर सिंथेसायझर (सुटे भाग वायरींनी जोडून आवाज घडवणारं यंत्र) सोबत घेतला, त्याचं ठरावीक ठेका देणारं क्लॉक मॉड्यूल मात्र मुद्दाम पुण्यातच ठेवलं. ग्नावा या मोरोक्कोतल्या विधी-संगीतात लय संथ सुरू होते आणि चढतच जाते. वर करकब, म्हणजे दोन्ही हातांत धरायच्या लोखंडी चिपळ्या. त्यांचा ठेका तीन आणि चारच्या मधेच कुठेतरी पडतो. ठरीव बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला ठरलेल्या ठोक्यांवर, हे बसवलं तर त्यातलं ग्नावापणच जातं. ग्नावा उस्ताद महमूद गिनियांबरोबर जेम्स होल्डन आणि फ्लोटिंग पॉइंट्स या इलेक्ट्रॉनिक संगीतकारांनी २०१४ साली मराकेशला केलेलं रेकॉर्डिंग मी बरंच ऐकलं होतं, त्यामुळे हे जमू शकतं एवढी खात्री होती.

सगळा खेळ गिंब्रीचा. तीन तारांचं, लाकूड कोरून केलेलं, उंटाच्या कातड्यानं मढवलेलं खर्जाचं वाद्य. मआलेम, म्हणजे उस्ताद, तार छेडतानाच कातड्यावर बोटांनी थापही मारतात. समोर साधा माइक ठेवला की त्यात करकबच जास्त घुसतात, म्हणून कातड्यावर पिएझो, म्हणजे थेट कंपनं पकडणारी चकती, चिकटवायची परवानगी मागितली. मआलेमनी तो उलटसुलट करून पाहिला आणि कुठे चिकटवायचा ते स्वतःच दाखवलं. पिएझोचा सिग्नल आवाजाचा चढउतार मोजणाऱ्या एन्व्हलप फॉलोअरमध्ये, तिथून निघालेला गेट, म्हणजे चालू-बंदचा इशारा, सूर एकामागून एक वाजवणाऱ्या सिक्वेन्सरला. थाप पडली की सिक्वेन्सर एक पाऊल पुढे, नाही पडली तर जागीच उभा. थ्रेशोल्ड, म्हणजे थाप मानायची किमान पातळी, खाली ठेवला तर तारेची नुसती गुंजही पाऊल ठरते, वर नेला तर हलक्या थापा सुटतात. शेवटी त्या नॉबवरून हात काढायचाच नाही असं ठरवलं. माझं इम्प्रोव्हायझेशन बरंचसं तिथेच झालं.

सुराचं वेगळंच. समुद्राच्या दमट हवेनं कातडं सैल पडतं, आणि मआलेम दांड्यावरच्या चामड्याच्या पट्ट्या सरकवून तारा लावतात. तिथे ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला कोण विचारतो? दर बैठकीआधी सिंथचा सूर काढणारा ऑसिलेटर कानानंच गिंब्रीला मिळवून घेत होतो. खाली गिंब्री, वर करकब, मधे झील धरणारे. माझ्यासाठी उरलेली पट्टी चिंचोळीच होती, म्हणून सिंथचा खर्ज हाय-पास फिल्टरनं काढूनच टाकला.

लीला हा त्यांचा रात्रभराचा विधी. जागरण-गोंधळ पाहिलेल्या माणसाला तो परका वाटणार नाही: ऊद, एकेका शक्तीचा रंग, अंगात येणं. त्या चालींना यंत्र लावायचं नाही, असं मआलेमनी पहिल्याच भेटीत सांगितलं. आम्ही विधीआधीच्या नाचगाण्यातल्याच चाली घेतल्या. मला ते पटलं, आणि पटलं नसतं तरी ऐकावंच लागलं असतं.

आता मिक्सिंग चालू आहे. पिएझोचा ट्रॅक फारच कोरडा येतो, त्यात खोलीतल्या माइकचा आवाज मिसळावा लागतोय. पहिला मिक्स मआलेमना पाठवला, तर त्यांचं म्हणणं, सिंथ वाढव, पण गिंब्री जराही दबता कामा नये. सध्या त्याच खटपटीत आहे.