आयसीयू सोडून वृद्धाश्रमात जाताना

सोलापुरातल्या आयसीयूतली नर्सची नोकरी सोडून वृद्धांच्या निवासी केंद्रात जायचं मनात आलं, तेव्हा पगाराचा हिशोब मी कागदावर मांडला. समजा आज २६,००० आहेत आणि तिकडे १९,००० मिळणार. पगार २१,०००च्या आत आला की ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होतो, पण तिथे १० माणसं कामाला असतील तरच. आपले ०.७५ टक्के, म्हणजे साधारण १४३ रुपये कापले जातात आणि त्यात मुलांचे, अवलंबून असलेल्या आईवडिलांचे उपचारही येतात. पीएफ सक्तीचा होतो २० माणसांपासून. बंगल्यात चालणाऱ्या छोट्या केंद्रात तेवढी माणसं नसतात, म्हणून मी ‘पीएफ आहे का’ यावर न थांबता मस्टरवर किती जण आहेत ते विचारलं.

राजीनाम्याची तारीख ग्रॅच्युइटी, म्हणजे पाच वर्षं भरली की नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, बघून ठरवावी. बेसिक १३,००० आणि नोकरी ५ वर्षं असेल, तर १३,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ५ : ३७,५०० रुपये. पाच वर्षं भरायला दोन महिने उरले असतील तर कळ सोसून थांबावं, असं माझं मत. पीएफ काढायचा नाही, जुनाच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) देऊन ट्रान्सफर करायचा. पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागतो. जुन्या हॉस्पिटलने पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख टाकली नाही की ट्रान्सफर अडकतो. शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी ती आपली आपल्यालाच टाकता येते.

आता ताणाचं. वृद्धांच्या केंद्रात मॉनिटरचे अलार्म नसतात, पण रात्री डॉक्टरही नसतात. त्यामुळे डॉक्टरांच्या लेखी ऑर्डर नसतील तर हे काम आयसीयूपेक्षा जड जातं. शुगर ७०च्या खाली गेली आणि आजी शुद्धीवर असल्या, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही; शिरेतून डेक्स्ट्रोज लागतं, त्याची ऑर्डर फाइलला आणि औषध ट्रेमध्ये हवं. १०८ कोणी बोलवायची, नातेवाइकांना कोणी कळवायचं, रात्री एका सिस्टरकडे किती जण, हेही लेखी मागावं.

होकार देण्याआधी एक पूर्ण ड्यूटी तिथे राहून बघावी, शक्यतो रात्रीची. अंथरुणाला खिळलेल्यांचं माकडहाड आणि टाचा पाहाव्यात. दाबल्यावर न मावळणारा लाल डाग दिसला, तर दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद बहुधा कागदावरच झालेली असते. राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी) फीड देताना डोकं ३० ते ४५ अंश वर आहे का, नंतर अर्धा-एक तास तसंच ठेवतात का? आडवं ठेवून दिलेलं फीड फुप्फुसात जाऊ शकतं. कालपर्यंत नीट बोलणारे आजोबा एकाएकी असंबद्ध बोलू लागले, तर वय झालं म्हणून सोडून देतात की लघवी तपासतात? संसर्गात ताप नसतोही. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर, नुसत्या पाणी कमी पडण्यानेही असं होतं.

पाण्यावरून आठवलं : शहरात नळाला रोज पाणी येत नाही. टाकी किती लिटरची आणि भिजलेल्या चादरी कुठे, कोण धुतं, हे मी नि:संकोच विचारलं. त्यावरून रात्रीच्या ड्यूटीत कोरडी चादर मिळेल की नाही ते कळतं. भाषेचंही बघावं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या आजी स्मृतिभ्रंशात मराठी सोडून तेलुगूवर येतात, अक्कलकोटकडच्या कन्नडवर. कुठे दुखतंय, तहान लागली का, एवढं दोन्हींत विचारता आलं पाहिजे.

नेमणूकपत्रावर ‘स्टाफ नर्स’ असंच पदनाम घ्यावं. ‘केअरटेकर’ लिहून घेतलं तर पुढे हॉस्पिटलला परतताना तो अनुभव नर्सिंगचा म्हणून दाखवता येत नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतंच, नोकरी कुठलीही असो. मूळ सर्टिफिकेटं मात्र कुठेही जमा ठेवू नयेत. दाखवून परत घ्यायची आणि झेरॉक्स द्यायची.