पाच-दोनला काय झालं?

माझ्याकडे शिकणाऱ्या पोरीची टेनिस मॅच. पहिला सेट ६-३ आमचा, दुसऱ्यात ५-२, चालू गेममध्ये ४०-१५. सर्व्हिस आमची. मी बाटल्या बॅगेत भरायलाही घेतल्या होत्या.

पहिल्या मॅच पॉइंटला, म्हणजे घेतला की मॅच खिशात अशा पॉइंटला, फर्स्ट सर्व्हिस नेटला लागली. सेकंडही पोरीने तशीच सणसणीत मारली, हातभर बाहेर. पुढच्या पॉइंटला कोर्टाच्या पार मागून, बेसलाइनच्याही मागून, नेटपलीकडे अलगद टाकायचा ड्रॉप शॉट! असले लाड मी शिकवलेले नाहीत. गेम गेला.

५-४ ला पुन्हा सर्व्हिसला आली ती वेगळीच मुलगी. एरवी चार टप्पे देऊन टॉस करते. आता सात, आठ. टॉस बुटका, ग्रिप आवळलेली. सेकंड सर्व्हिस सांभाळून टाकायला लागली, आणि इथेच भलेभले फसतात. सेकंडलाही रॅकेट जोरातच फिरवायची असते, फक्त बॉल खालून वर घासत. त्या टॉपस्पिनमुळेच तो नेटच्या बराच वरून जाऊनही बॉक्समध्ये उतरतो. हात आखडला की उरतो नुसता ढकललेला बॉल. समोरचीने आत येऊन एकेक ठोकला. ५-७, २-६.

बाहेरून बोलायला मनाई होती. असती परवानगी तरी काय सांगणार होतो, बिनधास्त खेळ? वीस मिनिटांपूर्वी जरा जास्तच बिनधास्त होती की! पालकांनी मात्र ‘कॉन्फिडन्स कमी पडला’ म्हणून निकाल लावून टाकला. १९९३च्या विम्बल्डन फायनलला याना नोव्होत्ना तिसऱ्या सेटमध्ये ४-१, ४०-३० वर होती. तिथे डबल फॉल्ट झाला, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकल्या, आणि स्टेफी ग्राफने सलग पाच गेम घेतले. कॉन्फिडन्स नसलेली बाई तिथवर पोचते होय?

मला डाचतंय ते वेगळंच. मॅचआधी मीच म्हणालो होतो, “ही तुझ्या पासंगालाही पुरणार नाही.” तिने बिचकू नये म्हणून. ५-२ ला तिने ते खरं मानलं. ५-४ ला ते खोटं ठरायची लाज तिच्या कोपरात उतरली.

दुसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, “सर, पाच-दोनला तो कॉन्फिडन्स होता की माज?”

मी बॉलची बास्केट पुढे ओढली. “सेकंड सर्व्हिस, चाळीस.”

सतरावी नेटमध्ये गेली तेव्हा तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मी वाकून बॉल वेचत राहिलो.